अमृतकुंभातला कोरा चहा

शेंद्र्याच्या रस्त्याला एका जागी एवढ्या मोटारसायकली मी कधी पाहिल्या नव्हत्या, पुढाऱ्याच्या रॅलीतसुद्धा नाही. रॅलीत निदान पेट्रोल फुकट मिळतं. इथं लोक पदरचं पेट्रोल जाळून आले होते आणि रविवारची सुट्टी उन्हात घालवत रांगेत उभे होते. हातात पत्र्याचे मग, डबे, चेपलेल्या बादल्या, आणि प्रत्येकात आपापल्या गाडीतून काढलेलं काळंकुट्ट ऑइल.

रांगेच्या टोकाला मांडव. मांडवात उंच चौथऱ्यावर लखलखीत पितळी अमृतकुंभ. त्याच्या डोक्यावर नरसाळं, पोटाला गोमुख, आणि खाली जमिनीपर्यंत जरीचं कापड. नरसाळ्यात काळं ऑइल ओतलं की गोमुखातून पिवळंधमक तेल बाहेर यायचं. जेवढं आत, तेवढंच बाहेर. लगेच टाळ्या, शिट्ट्या आणि जयजयकार.

"तेल काळं कशानं होतं, भक्तहो?" माइकवरून अक्षयानंद महाराज विचारत होते. "धुरानं? मुळीच नाही! घरात लोळत पडून फोनवर 'निघालोच, रस्त्यात आहे' म्हणता ना, ते पाप इंजिनात उतरतं! आणि त्यावर तुम्ही लावता काय, तर कागदाचा फिल्टर! कागदानं कधी पाप गाळलं जातं का? वापरा आणि फेका! आज फिल्टर फेकाल, उद्या आईबापाला फेकाल! आमचा अक्षय फिल्टर पोलादाच्या मंत्रित जाळीचा. एकदा बसवला की सात पिढ्या बघायला नको. मात्र झाकणाचा लाल दोरा सोडायचा नाही. झाकण उघडलं की सत्त्व उडालं!"

सात पिढ्या एकच मोटारसायकल चालवणारं घराणं मला एकदा बघायचंच आहे.

मी रत्नमाला, शाळेत विज्ञान शिकवते. बुवाबाजीशी माझं हाडवैर आहे हे पुंडलिकनगरात आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तरी मी तिथं उभी होते, कारण विशाखानं मला ओढून आणलं होतं. विशाखा म्हणजे शेजारच्या केसरबाईची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. शेंद्र्याला एका कारखान्यात नुकतीच लागली होती, अजून पक्की झाली नव्हती. पाळी दुपारची, सुटायची रात्री, आणि त्या वेळेला बस नाही. तिचे वडील रामकिसन वैजापूरकडे शेती बघतात. त्यांनी आपली जुनी मोटारसायकल लेकीला दिली, पण अट घालून: "गाडी चालती तवर नोकरी कर. गाडी बसली की तूबी घरी बस. स्थळ तयार हाय."

केसरबाईची धास्ती वेगळी होती. लेक रात्री एकटी त्या रस्त्यानं येते, या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून महिन्यापूर्वी ती स्वतः गाडीवर मागं बसून इथं आली आणि पैसे मोजून फिल्टर बसवून, अमृत भरून, दोरा बांधून घेऊन गेली. तेव्हापासून इंजिन टकटक करू लागलं. शिवाय गाडी गेली की मागं एक वास रेंगाळायचा. केसरबाई म्हणे, प्रसादाचा सुवास. मला तो सरळसरळ भज्यांचा वाटायचा, आणि माझं नाक शाबूत आहे. गल्लीतला मेकॅनिक सखाराम कळवळून सांगत होता, "काकू, झाकण उघडू द्या. नायतर इंजिन जाम व्हईल." केसरबाई दोऱ्याला बोट लावू देईना. तिनं ठरवलं, अमृत कमी पडलं, आणखी एकदा भरू. म्हणून आजची ही वारी.

"बाई, इंजिन जाम झालं तर माझं सगळंच जाम होईल," विशाखा हळूच म्हणाली. "आई माझं ऐकत नाही. तुम्ही काहीतरी करा."

मी काय करणार? मी बघत राहिले. बघणं हे फुकटचं काम आहे, पण मांडवात ते कोणीच करत नव्हतं. आमच्या पुढच्या माणसानं आत्ताच गाडीतून ऑइल काढलं होतं. त्याच्या हातातला मग एवढा तापला होता, की त्यानं तो गमज्यात गुंडाळून धरला होता. ते ऑइल त्यानं ओतलं, गोमुखाखाली दुसरं भांडं लावलं आणि खूश होऊन म्हणाला, "कसं गारेगार हाय बगा अमृत!"

मी त्याच्या भांड्याला हात लावला. खरंच गार होतं. फिल्टर कचरा अडवतो हे मला मान्य आहे, पण तो ऊबसुद्धा अडवतो हे माझ्या पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात सेवेकऱ्यानं पडदा ओढला. "कुंभाची विश्रांती!" महाराज म्हणाले. पाच-सहा गाड्या झाल्या की कुंभ दमायचा आणि पडद्याआड डबे वाजायचे.

गाडीतलं ऑइल काढून आणतो असं सांगून केसरबाईला रांगेत ठेवलं आणि मी विशाखाला घेऊन शेजारच्या कडुबाच्या चहाभज्यांच्या गाड्यावर गेले.

"कडुबा, लिटरभर कोरा चहा दे. चांगला काळाभोर उकळ."

"लिटरभर?" कडुबानं डोळे मोठे केले. "बाई, चार दिस झोप यायची नाय तुमाला!"

"मला नको. कुंभाला पाजायचाय."

कडुबानं एकदा मांडवाकडं बघितलं, मग चहाची पूड दोन मुठी जास्तच टाकली. चहा निववून आम्ही ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरला. वरून बघणाऱ्याला काही फरक कळत नव्हता.

पडदा उघडला, विशाखाचा नंबर आला. केसरबाईनं हात जोडले. विशाखानं कॅन नरसाळ्यात रिकामा केला, केसरबाईनं गोमुखाखाली पातेलं धरलं, आणि सोनेरी तेलाची धार लागली.

"बघा!" महाराज गरजले. "केवढं महापातकी तेल होतं! आमच्या जाळीनं पाप तेवढं अडवलं, तेल तेवढं सोडलं!"

"महाराज," मी मोठ्यानं विचारलं, "आत तेलच गेलं ना? नक्की?"

"माते, चाळीस वर्षांची साधना आहे. तेल आम्ही वासावरून ओळखतो."

"तो कोरा चहा होता," विशाखा म्हणाली. "कडुबाभाऊंना विचारा."

कडुबानं गाड्यावरून गाळणी उंच करून दाखवली. हास्याचा असा कल्लोळ उठला की माइकसुद्धा शिटी मारू लागला. मागून एक पोरगा ओरडला, "अरे भाई, चाय डाले तो तेल निकल रा! मेरेकू भी दो लिटर होना!"

मला वाटलं, जिंकलो. पण बुवा मुरलेला होता. त्यानं शांतपणे हात वर केला. "हसता काय? काळ्या तेलाचं सोनं करणं सोपं होतं. आज तुमच्या डोळ्यांदेखत आम्ही चहाचं तेल केलं! याहून मोठा चमत्कार कोणता?"

आणि अर्ध्या मांडवानं पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं. मी समजवायला तोंड उघडलं, पण त्या गलक्यात माझंच मला ऐकू येईना.

केसरबाई मात्र टाळी न वाजवता पातेल्यात नाक घालून उभी होती. तिनं एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. मग ती तडक कडुबाच्या गाड्यावर गेली.

"ती बारकी कढई दे रं."

"आवं काकू, माझी कढई..."

"दे म्हन्ते ना."

तिनं ते अमृत कढईत ओतलं, तापवलं आणि कडुबाच्या परातीतून बेसनाचा एक गोळा सोडला. भजं तळाशी गेलं, चुरचुरत वर आलं, टम्म फुगलं. गर्दी मांडव सोडून गाड्याभोवती जमली. केसरबाईनं भजं झाऱ्यावर घेतलं आणि तशीच महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

"खावा, महाराज. तुमच्याच तेलात तळलंय."

महाराज मागं सरकले.

"खाल्लं, तर हे खायचं तेल हाय. मग ते माज्या लेकीच्या इंजिनात कामून घातलं? नाय खाल्लं, तर तुमचाच तुमच्या अमृतावर भरवसा नाय. सांगा, काय करता?"

"आमचा... आमचा आज उपवास आहे," महाराज म्हणाले.

पुढचं काम पोरांनीच केलं. जरीचं कापड वर झालं. कुंभ नावालाच होता. त्याच्या खाली झाकण घट्ट बंद केलेले दोन मोठे डबे आणि सलाईनला लावतात तसल्या नळ्या. आता मी शांतपणे सांगू शकले. नरसाळ्यातून ओतलेलं खालच्या डब्यात जातं. त्या डब्यातली हवा नळीतून दुसऱ्या डब्यात ढकलली जाते. दुसऱ्या डब्यात आधीच सुटं सोयाबीनचं तेल भरलेलं असतं. हवा त्यावर दाब देते आणि तेवढंच तेल दुसऱ्या नळीनं गोमुखातून बाहेर पडतं. गाळलं काहीच जात नाही. खालचा डबा भरला की 'विश्रांती' घेऊन तो रिकामा करायचा आणि दुसऱ्यात पुन्हा तेल भरायचं. सातवीच्या पोरांकडून मी हे दोन बाटल्यांवर करून घेते.

डब्यांच्या मागं एक खोकं निघालं. त्यात कंपनीच्या ऑइलचा सीलबंद डबा आणि कोरा करकरीत कागदी फिल्टर होता. सेवेकऱ्याला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, "महाराजांच्या गाडीचं सामान हाय."

पुन्हा हास्याचा स्फोट झाला. पोलीस येईपर्यंत लोकांनी महाराजांना बसायला खुर्ची दिली आणि कडुबानं कोरा चहा पाजला.

विशाखाची गाडी आम्ही टेम्पोत घालून सखारामकडे आणली. सखारामनं पक्कड उचलली, तसा केसरबाईनं त्याचा हात अडवला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण तिनं लाल दोरा स्वतःच तोडला. झाकण निघालं. पोलादी जाळीवर चिकट तपकिरी साय बसली होती.

"चार दिस उशीर केला असता तर इंजिन गेलंच व्हतं," सखाराम म्हणाला. "आता वाचलं." त्यानं इंजिन साफ करून चांगलं ऑइल भरलं.

"मग जाळीचा फिल्टर वाईट असतो का?" विशाखानं विचारलं.

नाही, मी तिला सांगितलं. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, पण दर वेळी उघडायचा, रॉकेलनं धुवायचा, उजेडात धरून जाळी फाटली नाही ना ते बघायचं. कागदी फिल्टर धुवायचा नाही, वेळेवर बदलायचा. दोन्ही आपापलं काम करतात, निगा ठेवली तर. काळ्या ऑइलचं सोनं मात्र कोणताच करत नाही. ऑइल काळं होतं ते काजळीनं, म्हणजे ते आपलं काम करतं आहे. काम झालं की बदलायचं.

केसरबाई ओट्यावर बसली होती. हसणं ओसरलं होतं. "बाई, दोरा तोडला म्या," ती म्हणाली. "पन आता रात्रीचं त्या रस्त्यानं माज्या लेकराला राखील कोन?"

विशाखा आईजवळ येऊन बसली. "आई, ब्रेक राखील, दिवा राखील, हेल्मेट राखील. आणि आम्ही चौघी मैत्रिणी एकाच पाळीला आहोत. उद्यापासून गाड्या सोबतच काढायचं ठरवलंय. तू फक्त मी निघाले की हेल्मेटचा पट्टा लागलाय का ते बघत जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी केसरबाईनं गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन तो पट्टा दोनदा ओढून बघितला. गाडी निघाली, टकटक न करता.

केसरबाईला कोणी मूर्ख म्हटलं तर मी भांडेन. तिची काळजी खरी होती. भोंदू नेहमी खऱ्या काळजीलाच गाठतो आणि म्हणतो, उघडू नका, विचारू नका, माझ्यावर सोडा. म्हणून माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे: आपल्या माणसाची जितकी काळजी वाटते, तितके जास्त प्रश्न विचारा. ज्याचं खरं आहे, तो रागावत नाही.