एक पांढरा दाणा

कारकुनाने पेटी टेबलावर उपडी केली. घेवड्याच्या काळ्या दाण्यांचा ढीग पडला आणि त्यात एक पांढरा. एकूण किती, ते कोणी मोजले नाही. काळा म्हणजे हद्दपारी, पांढरा म्हणजे माफी, आणि काळे भरपूर होते.

बाहेरच्या खोलीत बसलेल्या वेसेल हामिंकला निकाल दारातूनच ऐकू आला. दिवस मावळायच्या आत शहर सोडायचे. गुन्हा त्याने लिहिलेल्या पुस्तकाचा. राजपुत्राच्या मेहेरबानीवर जगणारा माणूस गुलामच, मेहेरबानी कितीही गोड असो, असे त्यात होते. गेल्या वर्षी नगरसभेने ते वाहवा करत वाचले होते. तेव्हा राजपुत्र लांब होता. आता त्याचे सैन्य नदीपलीकडे होते.

गुप्त मतदान वेसेलनेच आणलेले. दाणा पडल्याचा आवाजही होऊ नये म्हणून पेटीला आतून लोकर लावायची अक्कलही त्याचीच.

दुपारी तो पुस्तके बांधत असताना मागच्या दाराने बिअरवाला हारमेन आला.

"कुठे बोलू नकोस, पण तो पांढरा माझा."

"वाटलंच मला. ही दोरी धर जरा."

मग डॉक्टर एव्हर्ट आला. तोही शपथेवर तेच सांगून गेला. शेवटी मेहुणा डिर्क, चीजचा गोळा घेऊन.

"भावजी, ताई असती तर तिलाही हेच सांगितलं असतं. पांढरा माझाच."

वेसेलने तिघांचेही आभार मानले. चीज ठेवून घेतले.

वेशीवर लुब्बर्ट कास्तेन वाट अडवून उभा होता. हद्दपारीचा ठराव त्यानेच मांडलेला.

"मी काळा टाकला," तो म्हणाला. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा टाकीन. पण तो पांढरा कोणाचा, ते सांगून जा. हारमेन, एव्हर्ट, डिर्क, तिघंही माझ्यापाशी शपथा घेतात, काळाच टाकला म्हणून. एक जण खोटारडा आहे. उद्या त्यालाही तुझ्यामागे धाडतो."

वेसेलने गाडीचा लगाम एका हातात घेतला. मग खिशातून सभेची नियमावली काढली आणि चौदाव्या कलमावर बोट ठेवून पुढे केली. लुब्बर्ट ओठ हलवत वाचू लागला. आरोपी स्वतः सभासद असेल, तर पेटी बाहेर नेऊन त्याचाही दाणा घ्यावा.

"पेटी बाहेर गेली होती खरी," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, लोकर झटकायला नेली."

"नियम कोणी वाचतच नाही."

लुब्बर्टने नियमावली मिटून परत दिली.

"म्हणजे तिघंही खरंच बोलत होते."

"तुझ्याशी," वेसेल म्हणाला आणि त्याने गाडी हाकली.