हत्यारं फाटकावर जमा करावीत

कोर्टाच्या फाटकावर सुरक्षा अधिकारी बसत. झडत्या घेऊन घेऊन त्यांचं नाव झडतीसाहेब पडलं होतं, आणि एकदा पडलेलं नाव कोण उचलणार? ज्या वस्तूने माणसाला इजा होऊ शकते ती आत न्यायची नाही, असा नियम होता. साहेबांची कल्पनाशक्ती दांडगी होती. पुकारेवालीची छत्री त्यांनी जमा करून घेतली, मग अंबाड्यातले आकडे, मग डब्यातला चमचा. तिने पर्समध्ये मिरपुडीची पुडी आणली, तेव्हा त्यांनी ती स्वतः हुंगून पाहिली, शिंकून शिंकून बेजार झाले आणि आरोप सिद्ध झाला म्हणाले.

बिचारी हे काही हौसेने आणत नव्हती. दालनाच्या दारात उभं राहून पक्षकारांचा पुकारा करायचा, हे तिचं काम. पण मधल्या वेळात कागदांचे गठ्ठे आणायला मागच्या जिन्याने तळघरात जावं लागे, आणि त्या जिन्यावर हल्ली एक माणूस उभा असायचा. त्याचा कसलासा दावा वर्षानुवर्षं रेंगाळला होता, त्यामुळे रोज यायला त्याच्याकडे हक्काचं कारण होतं. आधी नुसता टक लावून बघायचा. मग वाट अडवायला लागला. परवा तर त्याने मनगटच धरलं. ती कशीबशी सुटली. ही नोकरी तिला जिवापाड आवडत होती, आणि आता एकतर तो जिना उतरायचा नाहीतर राजीनामा द्यायचा, अशी पाळी आली होती.

ती झडतीसाहेबांकडे गेली.

"त्याच्याकडे हत्यार आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग चिंता कसली? तो सुरक्षित आहे."

"तो असेल हो. माझं काय?"

"तुमच्याकडे तर आता काहीच उरलं नाही. म्हणजे तुम्ही त्याच्याहून सुरक्षित."

घरी ताईने कपाळावर हात मारला. "अगं, कोपर मार. ते कोण काढून घेणार आहे?" तिने स्वयंपाकघरातच शिकवणी सुरू केली. सरावाला भावजींना उभं केलं. भावजी दोनदा कळवळले, तिसऱ्यांदा आपणहून पोट धरून खाली बसले, आणि ताईने शिष्या तयार झाल्याचं जाहीर केलं.

सकाळी फाटकावर झडतीसाहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "बाई, कोपरं आज टोकदार दिसतायत."

तिला खोटं बोलता येत नसे. साहेबांनी दोन्ही कोपरांना कापसाच्या जाड गाद्या बांधल्या आणि संध्याकाळी जाताना सोडवून घ्या म्हणाले.

त्याच दुपारी जिन्यात त्याने पुन्हा मनगट धरलं. तिने सगळा जोर एकवटून कोपर मारलं.

"गुदगुल्या होतात," तो म्हणाला आणि पकड घट्ट केली.

तिला भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. आणि त्या संतापात तिच्या तोंडून पुकाराच निघाला: "हजर व्हा हो, सगळे हजर व्हा. मागच्या जिन्यात."

आता, या कोर्टात पुकारा चुकला की दावा निकालात निघे आणि सगळं पहिल्यापासून करावं लागे. त्यामुळे पुकारा ऐकून कोणी विचार करत बसत नसे, आधी धावत सुटे. बघता बघता पक्षकार, साक्षीदार, अर्धा चहा टाकून आलेले वकील, सगळे जिन्यात दाटले. घटस्फोट मागणारं एक जोडपं, कोणी मागे राहू नये म्हणून हातात हात धरून आलं. त्या रेट्यात तो माणूस भिंतीला चिकटला. पण तिचं मनगट त्याने सोडलं नव्हतं, आणि ते सगळ्या जगाला दिसत होतं.

"माझ्या अशिलाला मुदत मिळावी," एक वकील सवयीने म्हणाले. कोणाच्या बाजूने, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"हरकत आहे," दुसरे म्हणाले.

दालन रिकामं पाहून आपणच चुकीच्या खोलीत बसलोय असं वाटून न्यायाधीशबाईसुद्धा खाली आल्या होत्या. त्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "शांत राहा. पुकारा कोणाचा होता?"

इतकी वर्षं तिने दुनियेचे पुकारे केले होते.

"माझा," ती म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी त्या मनगटाकडे पाहिलं. साक्ष द्यायला आलेले दोन पोलीस गर्दीत होतेच. त्यांनी त्याला गर्दीतून वाट काढत नेलं, आणि जाताना तो मात्र आपल्याला हात लावू नका म्हणून ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी फाटकावर झडतीसाहेब तिची वाटच बघत होते.

"बाई, काल केवढी चेंगराचेंगरी झाली असती. तुमचा आवाज हत्यारात मोडतो. तो इथे जमा करा आणि संध्याकाळी घेऊन जा."

"करते," ती म्हणाली. "आधी त्या माणसाचे हात तुम्ही रोज कुठे जमा करून घेत होता, ते दाखवा."

साहेबांनी खण उघडला आणि खरोखरच शोधायला लागले.