उतरवलेलं जू

पणजा खडकफोड्या, नुसत्या पहारीने माळ फोडून त्याने पहिली पट्टी काढली. आजा बैलवेडा; पोरांच्या आधी बैलांना घास घालणारा. बाप हट्टी, त्याचा शब्द म्हणजे घरात काळ्या दगडावरची रेघ. आणि या तिघांच्या वंशात जन्मला तो भोंग्या, ज्याने बैल विकून जुना ट्रक घेतला आणि ज्याच्या भोंग्याला गावातली कुत्रीही आता भुंकत नसत.

बैल गेले, पण बापाने घालून दिलेले दोन नेम गेले नाहीत. जनावराला पाणी पाजताना मानेवर जू ठेवायचे नाही, हा पहिला. दिवस कलल्यावर उतरवलेले जू त्या दिवशी पुन्हा चढवायचे नाही, हा दुसरा. बाप जाऊन वर्षे लोटली होती. नेम राखायला भोंग्याची आई खमकी होती. बैलांच्या गळ्यातली पितळी घंटाही तिनेच ट्रकच्या नाकाशी बांधायला लावली होती.

त्या दिवशी ट्रकमध्ये टोमॅटो होते. विहिरीने तळ दाखवला होता आणि तिच्या उरल्यासुरल्या ओलीवर पिकलेला हा अखेरचा तोडा. पहाटेच्या बाजारात तो उठला तर विहीर आणखी खोल जाणार होती. नाही उठला तर रान पडीक आणि घराला कुलूप. आई केबिनमध्ये मुद्दाम बसली होती. ती समोर असली की दलालांच्या जिभेला आपोआप लगाम बसे.

ट्रकचा स्टार्टर मात्र मेला होता. घरापुढच्या उतारावरून गाडी सोडायची, वेग आला की गिअर टाकायचा, मग इंजिन धरी. आणि मुक्कामाला पोचेपर्यंत ते बंद करायचे नाही. पण वाटेत रस्ता खचलेला निघाला, लांबचा फेरा पडला, आणि दिवस कलताना डिझेलचा काटा तळाला टेकला. पंप आला तोही परातीसारख्या सपाट जागेत.

भोंग्याने इंजिन घुरघुरत ठेवूनच टाकीचे झाकण उघडले. पंपवाला खुर्चीवरून उठला. त्याची नजर आधी घंटेवर गेली आणि थोडा वेळ तिथेच राहिली.

"इंजिन बंद कर."

"अहो दादा, डिझेल आहे हे. पेटती काडी टाकली तर काडी विझते."

"शेजारच्या नळीत पेट्रोल आहे. त्याची वाफ काय तुझी आतेबहीण लागते, ओळख ठेवून बाजूला व्हायला?"

"बंद केली तर चालू होणार नाही हो. स्टार्टर गेलाय."

"मग दुरुस्त करायचा."

"हौसेनं नाही ठेवलाय मोडका. असं करा, कॅनमध्ये द्या. गाडी लांब नेऊन उभी करतो."

"कॅनमध्ये देत नाही. पाटी वाच."

पंपामागे एक ट्रॅक्टर उभा होता. खडीची ट्रॉली ओढून तो नुकताच आला असावा. गडी ट्रॉलीचा हूक काढत होता.

"ट्रॅक्टर तुमचाच ना? मग ओढून द्याल? चार हात ओढली की धरते."

"आधी बंद तर कर."

या उत्तरात होकार नव्हता, हे भोंग्याच्या ध्यानात आले. पण डिझेल न घेता निघाला तर पुढच्या माळावर गाडी आपण होऊन बंद पडणार होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी.

वरून आईचा आवाज आला. "बंद कर रे. पाणी पाजताना जू उतरवतात. माणूस रीतीचं बोलतोय."

"आई, हा बैल नाही. बैल हाक मारली की उठतो."

"बापापुढं असं बोलला असतास?"

भोंग्याने इंजिन बंद केले. धडधड थांबली तशी घंटा एकदा किणकिणली आणि गप्प झाली. टाकी गळ्यापर्यंत भरली.

"आता आणा ट्रॅक्टर, दादा."

पंपवाल्याने नळी जागेवर अडकवली, हात पुसले. "आमच्यात दिवस कलल्यावर काढलेला हूक त्या दिवशी पुन्हा लावत नाहीत."

भोंग्या हसला; त्याला थट्टा वाटली. आई हसली नाही. ती खाली उतरली आणि पंपवाल्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली.

"कुणाचा रे तू?"

"ओढ्यात गाडी रुतली होती, त्याचा. बियाण्याचे बटाटे होते गाडीत. बापाबरोबर मी तुमच्या दारात बैल मागायला आलो होतो, काकू. दिवस कलला होता, बैल नुकतेच सोडले होते तुमच्या मालकांनी. तुम्ही ही घंटा पुसत होता."

"त्या रात्री लोंढा आला."

"आला. गाडी गेली, मग गावही सुटलं."

भोंग्याने हात जोडले. "दादा, माल नासेल हो. बाप गेला माझा. त्याचं भांडण माझ्याशी कशाला?"

"भांडतोय कुठं? नेम सांगतोय. तोही तुमच्याच घरचा."

"जोडलेले हात सोड," आई मुलाला म्हणाली. "माप आपलंच आहे. नाही कशी म्हणणार?"

तरी भोंग्याने येणाऱ्याजाणाऱ्यांना हात केले. साखळी कुणाकडे निघाली नाही. दोघांनी खांदे लावून पाहिले. भरला ट्रक तसूभरही हलला नाही. उकाड्याने रात्रीतून टोमॅटो खचले, आणि फळ्यांमधून लाल पाणी ठिबकून चाकापाशी थारोळे साचले.

उन्हे वर आली, बाजार उठून गेला, तेव्हा ट्रॅक्टर आला. पंपवाल्याने स्वतः वाकून साखळी लावली. पहिल्याच ओढीला इंजिनाने धरले.

"आता कशाला आलास?" भोंग्याने विचारले. त्याच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता.

"तुझा बापही सकाळी बैल घेऊन ओढ्यावर आला होता. गाडी नव्हती तरी उभा राहिला."

"न जेवता गेले होते," आई म्हणाली.

"पाहिलं होतं मी, काकू. म्हणून तर आलो."

आई केबिनमध्ये चढली. भोंग्याने स्टिअरिंगवर हात ठेवले, पण गाडी पुढे घेतली नाही. "कुठं नेऊ?"

"घरी. कुलूप शोधायला लागेल." मग तिने खिडकीतून खाली पाहिले. "तुझ्या बापाचं देणं होतं आमच्याकडं. फिटलं का रे, बाबा?"

पंपवाल्याने साखळी गोळा करून खांद्यावर टाकली.

"फिटलं, काकू. पुरतं."