भिंतीला भिंत

सिरिल होल्डन पूर्णा जंक्शनवर इंजिन ड्रायव्हर होते. नोकरी संपल्यावर ते बायकोला घेऊन ऑस्ट्रेलियाला कायमचे राहायला निघाले होते, हे सगळ्या स्टेशनला माहीत होतं. त्यांना खरं तर चुडाव्यात राहायचं होतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. आणि ते का जमलं नाही, हे फक्त मालधक्क्याचा हिशेब पाहणाऱ्या मालबाबू गोविंदरावांना.

चुडावा हे शेजारचंच स्टेशन. तिथं गोविंदरावांचं घर होतं, आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या मेहुण्याचं, किशनरावांचं, रिकामं घर. मागं चिंचेचं झाड, कोंबड्यांना मोकळी जागा. होल्डनसाहेबांनी ते पाहिलं आणि गोविंदरावांना मध्यस्थी करायला सांगितलं. साहेब अँग्लो-इंडियन, त्यांच्या तीन पिढ्या इथल्याच रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेल्या. विलायत त्यांनी नकाशातच पाहिली होती.

किशनराव लगेच तयार झाले. गोविंदरावांनी साहेबांना येऊन सांगितलं, "मेहुण्याचं काही नाही, पण गाव नको म्हणतंय." मेहुण्याला सांगितलं, "साहेबांचं मन बदललं." गावाला त्यांनी विचारलंच नव्हतं.

होल्डनसाहेब तेव्हा "ठीक आहे" एवढंच म्हणाले होते. पुढं ऑस्ट्रेलियात पर्थला असलेल्या त्यांच्या चुलतभावाचं बोलणं निघालं. तिथं आपलीच भाषा, आपलंच चर्च, म्हाताऱ्या माणसाला सोपं जाईल, असं ते स्टेशनात सांगू लागले. निजामाचं राज्य राहणार की जाणार, याची रोज नवी बातमी येत होती, त्यामुळं जाणाऱ्याला कुणी कारण विचारत नव्हतं. गोविंदरावांना हायसं वाटलं होतं.

सत्तेचाळीसचा उन्हाळा सरत आला होता. दुपारची मनमाडची गाडी फलाटाला लागली. इंजिनशेडमधल्या लोकांनी साहेबांच्या गळ्यात हार घातले. मार्थाबाई क्वार्टरमधल्या बायकांच्या घोळक्यात होत्या, आणि त्या बायका रडत होत्या. एवढ्यात किशनराव डोक्यावर आंब्यांची पाटी घेऊन आले. ते येणार आहेत हे गोविंदरावांना माहीत नव्हतं. त्यांनी पुढं होऊन पाटीला हात घातला.

"मी ठेवतो डब्यात. तू जा, गर्दी आहे."

"दाजी, आत्ता तर आलोय. साहेबाला राम राम तर करू द्या!" किशनरावांनी पाटी खाली ठेवली. "साहेब, आंबे घ्या. तिकडं कुठं मिळायलेत असले?"

"मुंबईपर्यंत बी टिकायचे न्हाईत, किशनराव. मार्था मनमाडच्या आत संपवती."

"घर तसंच ठिवलंय बगा. आमच्या बायकोनं तर सारवून बी घेतलं होतं. पर दाजी म्हणले, साहेबाचं मन बदललं, दर्यापार जायलेत. मग मी काय बोलू?"

होल्डनसाहेबांनी किशनरावांना विचारलं,

"गावाची हरकत नव्हती?"

"गावाची? ती कशापायी? आमचे पाटील, आबासाहेब, तर म्हणायले, येऊ द्या, गावात एक तरी माणूस घड्याळ बघून उठणारा पायजे."

गोविंदरावांनी फलाटाच्या टोकाकडं पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. आता साहेब ओरडतील, आणि ओरडले तर बरं, असं त्यांना वाटलं.

साहेब हसले. "खरंय. मनच बदललं. म्हातारपणी खूळ लागतंय माणसाला."

"खूळ कसलं, नशीब म्हणा!" किशनराव पाटी उचलून डब्यात चढले.

"साहेब, तेव्हा आमच्या मुलीचं, लीलाचं, लग्न जमत होतं," गोविंदराव म्हणाले. "पाथरीची माणसं आहेत. शेजारी तुमचं स्वयंपाकघर, तुमचं खाणंपिणं..."

"त्यांनी विचारलं होतं, शेजारी कोण हाय म्हणून?"

गोविंदरावांनी मान हलवली. नाही. पाथरीकरांनी शेजाराविषयी चकार शब्द काढला नव्हता. लग्न होऊन लीला सासरी नांदतही होती.

"साहेब, घर अजून रिकामं आहे. तुम्ही म्हणाल तर मी आत्ता किशनरावला..."

"आणि तुमच्या भिंतीला भिंत लावून राहू?"

हे ते हळू आवाजात म्हणाले. मग आणखी हळू आवाजात, "मार्थासमोर बोलू नका. तिला मी सांगितलंय, मलाच जायचंय. गाव आपल्याला नको म्हणतंय, हे मला तिला सांगवलं न्हाई. परवाना देताना ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्यानं तिला खिडकीशी उभं करून चेहऱ्याचा रंग पाहिला, गोविंदबाबू, पुरती गोरी हाय का म्हणून. हात बी उलटेपालटे केले. ती कायच बोलली न्हाई. तिला वाटतंय, एवढं सोसलं ते माझ्या हौसेपायी. तसंच वाटू द्या."

गोविंदराव काही बोलणार, तोवर मार्थाबाई आल्याच. रडून डोळे सुजलेले, आणि आवाजात राग.

"गोविंदबाबू, ह्यांच्या हट्टापायी चालले मी. त्या मुलखात मला कोण वळखणार? तुमी तरी सांगायचं होतं ह्यांना. तुमचं ऐकत होते."

होल्डनसाहेब हारातली एक पाकळी चिमटीत धरून उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सांगितलं होतं, मेमसाब," गोविंदराव म्हणाले. "लय सांगितलं."

"बाबूनं लय सांगितलं," साहेब म्हणाले. "मीच ऐकलं न्हाई."

मार्थाबाईंनी नवऱ्याकडं रागानं पाहिलं. मग गोविंदरावांकडं वळून दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "तुमचे उपकार हायत."

गार्डनं शिट्टी दिली. गोविंदरावांना हात जोडावे लागले.