शहाण्णव दात्यांचं चाक

"अहो, किती वाजले?"

"काल या वेळेला वाजले होते तेवढेच," बाल्कनीतल्या छोट्या लेथवरून मान न उचलता रामदास पासलकर म्हणाले.

काचबिंदूने हिराबाईंची नजर गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे टोलच त्यांचा दिवस चालवत. डोळ्यांत थेंब, कुकर, चहा, सगळं टोलांवर. दिवाळीनंतर त्याच्या मोठ्या चाकाचे दाते तुटले आणि घड्याळ मुकं झालं. शनिवार पेठेतला कारागीर म्हणाला, चाक मिळायचं नाही, सेलवरचं मशीन बसवा. त्याला टोल नव्हते. वेळ सांगणारा मोबाईल आणला, तर हिराबाई म्हणाल्या, "त्या बाईला आधी गप्प करा." मग त्या नवऱ्याला विचारू लागल्या. अलीकडे तर विचारायलाही संकोचत, आणि ते रामदासांच्या जिवाला लागलं होतं.

रामदासांनी कारखान्यात बत्तीस वर्षं लेथ चालवला, पण दाते पाडायचं काम शेजारच्या खात्याचं. तरी कात्रजच्या फ्लॅटच्या बाल्कनीत महिनाभर खपून त्यांनी चाकाचे सारखे भाग पाडणारं छोटं डिव्हायडिंग हेड उभं केलं. भोकांची एक गोल तबकडी आणि तिच्यावर खुंटीचं हँडल. खुंटी दहा भोकं पुढे नेली की चाक एका दात्याइतकं फिरायचं. हिशेब चोख होता. पण पितळेच्या दोन चकत्या वाया गेल्या. शहाण्णव हवे असताना दाते शंभरावर गेले आणि शेवटचा अर्धाच आला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्यांनी पितळेला नावं ठेवून पाहिली. आता एकच चकती उरली होती.

हिराबाई जपमाळ घेऊन शेजारी बसल्या होत्या. खुंटी टकटक सरकवत रामदास मोठ्याने मोजू लागले. "एक, दोन..."

"थांबा. टक् व्हायच्या आधीच एक कसं म्हणालात?"

"खुंटी आहे ते भोक एक."

"मेरुमणी कधी मोजतात का? तिथून फक्त निघायचं असतं."

म्हणजे दर दात्याला खुंटी दहा नव्हे, नऊच भोकं पुढे जात होती. बत्तीस वर्षांची कारागिरी एका मण्यापुढे उघडी पडली होती. त्यांना लाज वाटली आणि हसूही आलं. मग हिराबाई टक् टक् मोजत गेल्या, ते दाते पाडत गेले. शहाण्णवावा दाता पहिल्याशेजारी बरोबर बसला.

चौथ्या दिवशी घड्याळाने पाचचे टोल दिले. हिराबाई उठल्या, चाचपडत आधण ठेवलं. कुणाला काही विचारलं नाही. रामदासांना फार बरं वाटलं आणि जरा चुकल्यासारखंही. त्यांनी मनगटी घड्याळावर बाही ओढली.

"हिरे, किती वाजले गं?"

"काल या वेळेला वाजले होते तेवढेच," आतून उत्तर आलं. "या, चहा घ्या."