बरोब्बर नव्वद सेकंद

जलतरण तलावावर बावीस वर्षं वेळ मोजणाऱ्या बाईंना सगळे सेकंदकाकू म्हणायचे. स्टॉपवॉचचं बटण दाबून दाबून त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. पोहणाऱ्या मुली पंचांशी हुज्जत घालत, प्रशिक्षकांशी घालत, पण काकूंनी कागदावर लिहिलेल्या आकड्याशी कोणी घातल्याचं ऐकिवात नव्हतं. तिथला प्रशिक्षक त्यांचा जावई. घरी त्या त्याला जावईबापू म्हणत आणि तलावावर सर, आणि या दोन्हींची सरमिसळ त्यांनी कधी होऊ दिली नाही. जावई मात्र दोन्हीकडे ‘आई’च म्हणे, अगदी लाउडस्पीकरवरूनसुद्धा, आणि मग मुली पाण्यात खुदुखुदु हसत.

शर्यतींच्या याद्या आणि निकाल क्लबच्या जुन्या लॅपटॉपवर असत. त्याची बॅटरी पार गेली होती आणि त्या मॉडेलची नवी बॅटरी कुठे मिळेना, म्हणून तो सतत वायरीवर चाले. तलावाचं पाणी गाळणाऱ्या पंपाची मोटर सुरू झाली की कधी कधी क्षणभर विजेचा दाब खाली बसे आणि लॅपटॉप बंद पडे. पण मिनिटाच्या आत पुन्हा सुरू होत असल्यामुळे त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. त्यातली जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आता सुधारली जाणार नाही असा निरोप आला, तेव्हा सरांनी रविवारी घरी बसून नवीकोरी सिस्टिम टाकली आणि सोमवारी नव्या बाळाला दाखवायला आणावं तसा लॅपटॉप तलावावर आणला.

बटण दाबलं. पडद्यावर नव्या सिस्टिमचं चिन्ह आलं, त्याखाली एक चक्र फिरू लागलं, आणि ते फिरतच राहिलं. जवळजवळ तीन मिनिटं गेली. पहिल्यांदा वेळ लागतोच, असं सर म्हणाले. मंगळवारीही तेवढाच वेळ लागला. बुधवारी त्यांनी सुरुवातीला आपोआप उघडणारे सगळे प्रोग्रॅम बंद करून पाहिले, काडीचा फरक पडला नाही. शेवटी त्यांनी निदान केलं की डिस्क म्हातारी झाली आहे, नव्या सिस्टिमचा भार तिला पेलवत नाही. शनिवारी आठ क्लबांची स्पर्धा होती. मध्येच वीज बसली तर तीन मिनिटं मुली ओल्या अंगाने उडी मारायच्या ठोकळ्यांवर कुडकुडत उभ्या राहणार. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी सगळं पुसायचं आणि जुनी सिस्टिम परत टाकायची, असं सरांनी जाहीर केलं.

काकूंना हे पटलं नव्हतं. का पटलं नाही ते मात्र सांगता येत नव्हतं, आणि ज्या यंत्रातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही त्यावरून जावयाला चार शब्द सुनवायचे तरी कसे? गुरुवारी दुपारी, दोन वर्गांच्या मधल्या रिकाम्या वेळात, त्यांनी खुर्ची ओढली, गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की पुसायच्या आधी मला एकदा मोजू द्या.

सर बंद-चालू करत राहिले, काकू मोजत राहिल्या. दोन मिनिटं पन्नास पूर्णांक तीन. दोन पन्नास पूर्णांक एक. दोन पन्नास पूर्णांक चार. दोन पन्नास पूर्णांक दोन. सहाव्या वेळेला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि आकड्यांकडे बघत बसल्या.

“सर, हा थकलेला नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“थकलेली मुलगी सहा वेळा पोहली तर सहा वेगळ्या वेळा देईल. कधी दम लागेल, कधी पाय गळतील. याचा सेकंदसुद्धा इकडचा तिकडे होत नाही. हा कुठेतरी घड्याळ लावून नुसता उभा राहतोय.”

सरांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. त्यांना तो सहा ओळींचा कागद तीन दिवसांतला पहिला खरा पुरावा वाटला. पुढच्या वेळी काकूंनी टप्प्याटप्प्याने मोजायचं ठरवलं. त्यासाठी खूण हवी होती. लॅपटॉपच्या कडेला एक बारीकसा दिवा होता, डिस्क कामात असली की तो लुकलुकायचा. आजवर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. काकू वाकून त्याच्यावर नजर रोखून बसल्या. बारा सेकंद दिवा लुकलुकला. मग विझला, आणि तब्बल तीस सेकंद विझलेलाच राहिला. पुन्हा आठ सेकंद लुकलुकला. पुन्हा विझला. आता काकू सेकंद पुटपुटू लागल्या. सत्तर, ऐंशी, आणि बरोब्बर नव्वद सेकंदांनी दिवा असा धडाधडा लुकलुकायला लागला जणू मधे काही झालंच नव्हतं. शेवटचे तीस सेकंद गेले आणि पासवर्ड विचारला गेला.

“एकशे सत्तरमधले एकशे वीस सेकंद हा काही करतच नाही,” काकू म्हणाल्या. “वाट बघतोय कोणाची तरी. त्या चिन्हाच्या मागे काय चाललंय ते बघता येतं का हो?”

सर एकदम ताठ बसले. चिन्ह दिसत असताना एस्केपची की दाबली की ते बाजूला होतं आणि मागचा मजकूर दिसतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि साफ विसरून गेले होते. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की दाबली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीवर येऊन थबकल्या. त्या ओळीत एक घड्याळ चालू होतं. अकरा सेकंद, बारा, तेरा. आणि शेजारी मर्यादा लिहिली होती: एक मिनिट तीस सेकंद. काकूंनी मांडीवर थाप मारली. आपल्याच जातीचं कोणीतरी आत बसलं आहे असं त्यांना वाटलं.

सरांनी ओळ वाचली. लॅपटॉप डिस्कच्या एका भागाची वाट बघत होता, आणि त्या भागाचा लांबलचक क्रमांक तिथे लिहिलेला होता. तो वाचता वाचता सरांचे कान लाल झाले. मग त्यांनी कबूल केलं. रविवारी सिस्टिम टाकून झाल्यावर स्पर्धांच्या फोटोंना जागा कमी पडेल असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी डिस्कची वाटणी नव्याने केली. मेमरी अपुरी पडली तर वापरायला म्हणून एक भाग राखून ठेवलेला असतो, तो पुसून दुसरीकडे केला. नव्या भागाला नवा क्रमांक मिळाला. सुरू होताना लॅपटॉप जी यादी वाचतो, तिच्यात मात्र जुनाच क्रमांक राहिला.

काकू इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. “नाव मागे घेतलेली मुलगी आहे ही. ती घरी गेलीय, आणि आपण चौथ्या लेनवर तिला पुकारत बसलोय.”

आता हुरूप आला. सरांनी आधी जुन्या यादीची एक प्रत बाजूला ठेवली, मग यादी उघडली. नव्या भागाचा क्रमांक छत्तीस खुणांचा होता, अक्षरं, आकडे आणि मधे आडव्या रेघा. तो पडद्यावरून उचलून चिकटवता येईल असं सर म्हणत होते, पण काकूंनी तोवर मोठ्याने वाचायला सुरुवात केलीच होती, आणि निकाल वाचतात त्या ठसक्यात त्या एकेक खूण सांगत गेल्या. सरांनी निमूटपणे टाइप केलं. एव्हाना दुपारच्या वर्गाच्या मुली कपडे बदलून आल्या होत्या. काय चाललंय ते त्यांना अर्धवटच कळलं, पण सेकंदकाकूंच्या हातात स्टॉपवॉच आहे म्हणजे शर्यत आहे हे कळलं, आणि टेबलाभोवती गराडा पडला.

पुन्हा बटण. एक मिनिट वीस पूर्णांक दोन.

मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. सरांनी दोन्ही हात वर केले. काकू मात्र दिव्याकडेच बघत होत्या.

“नव्वद गेले, तीस राहिले,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीचे तीस अजून विझलेलेच आहेत. हिला कोणीतरी दोनदा पुकारतंय.”

सरांनी शोधाशोध केली. एका मुलीने त्यांच्या मोबाइलवर वाचून दाखवायचं काम आपण होऊन घेतलं. दहा मिनिटांनी सापडलं. लॅपटॉप सुरू होताना, आपण गाढ झोपेतून तर उठत नाही ना हे पाहायला, झोपण्यापूर्वीचं काम तो त्याच राखीव भागात शोधतो, आणि त्यासाठी एका वेगळ्या छोट्या फाइलमध्येही तोच जुना क्रमांक लिहून ठेवलेला होता. तीस सेकंद तिथे शोधायचं, मग नाद सोडायचा, आणि मग पुढे जाऊन नव्वद सेकंद पुन्हा शोधायचं. सरांनी तिथलाही क्रमांक बदलला. सुरू होताना सोबत घ्यायच्या फाइलींची शिदोरी सिस्टिमला नव्याने बांधायला लावली. ती बांधून होईपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

शेवटचं बटण काकूंनी सरांना दाबू दिलं नाही. डाव्या हाताने लॅपटॉपचं, उजव्या अंगठ्याने स्टॉपवॉचचं, दोन्ही त्यांनी एकदमच दाबली. दिवा लुकलुकायला लागला तो थांबेचना. मुली सेकंद मोजायला लागल्या, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. चाळीस. पंचेचाळीस. एकोणपन्नास म्हणता म्हणता पासवर्डची चौकट आली.

एकोणपन्नास पूर्णांक आठ. काकूंनी आकडा वाचला आणि मुलींनी धडाधड पाण्यात उड्या मारल्या. एवढा गलका झाला की कोणी बुडालं की काय म्हणून पंपवाला हातातला पाना तसाच घेऊन धावत बाहेर आला. मागोमाग नोंदणीच्या खिडकीवर बसणारी काकूंची मुलगी आली. तिच्यासाठी सरांनी लॅपटॉप मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करून दाखवला. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली की कालपासून घरी डिस्कच्या म्हातारपणाचं कीर्तन ऐकते आहे मी.

“आई, मी सगळं पुसायला निघालो होतो,” सर हळूच म्हणाले.

“तुम्हाला ती की आठवली नसती तर मी अजून दिव्याकडेच बघत बसले असते, जावईबापू,” काकू म्हणाल्या, आणि तलावावर उभ्या असताना आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी स्पर्धा झाली. वीज दोनदा बसली आणि दोन्ही वेळा पुढच्या फेरीच्या मुली ठोकळ्यावर चढायच्या आत यादी पडद्यावर परत आली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहुण्या क्लबाचे एक गृहस्थ, तिकडच्या नोंदी ठेवणारे, काखेत लॅपटॉप धरून काकूंच्या टेबलापाशी आले. नवी सिस्टिम टाकल्यापासून आपला सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं घेतो, आणि इथल्या मुलींनी तुमचं नाव सांगितलं, असं ते अवघडून म्हणाले.

“पाच की सहा?” काकूंनी विचारलं.

ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. काकूंनी जेवणाचा डबा बाजूला सारला, शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली आणि सरांना हाक मारली.