विसाव्याचा ओटा

मालनबाईंची इच्छा एकच होती. चाळीतून निघालेली तिरडी जुन्या गिरणीच्या कोपऱ्यावरील ओट्यावर टेकावी, खांदेकऱ्यांनी खांदे बदलावे आणि मगच स्मशानाची वाट धरावी. "जन्मभर तुमच्या अर्जांना चहा पाजला," आजारपणात त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "आता तुमच्या ओट्यावर घटकाभर टेकल्याशिवाय मी काही पुढे जायची नाही, सांगून ठेवते." तुळशीदास चिंदरकरांनी होकार दिला होता.

ओटा त्यांच्याच खटपटीने झाला होता. सरकारी छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या दिवसांत लालबागेतून तिरड्या वरचेवर निघत. विसाव्यासाठी त्या भर रस्त्यात उतरवाव्या लागत आणि मागे बसगाड्या खोळंबून भोंगे वाजवीत. 'मृतासही नागरी सोयीचा हक्क आहे,' असा अर्ज तुळशीदासांनी केला. अधिकारी हसले. ते बदलून गेले, दुसरे आले, तेही हसले. अखेर ओटा बांधला गेला. पुढे गिरणीच्या जागी काचेच्या कचेऱ्या उठल्या आणि ओट्याला खेटून मोटारी उभ्या राहू लागल्या. तेव्हा तुळशीदास पुन्हा भांडले आणि त्यांनी तेथे फलक लावून घेतला : 'येथे कोणतेही वाहन क्षणभरही थांबवू नये.' 'क्षणभरही' हा शब्द त्यांनी आग्रहाने घालायला लावला होता. तो नसता तर प्रत्येकजण आपण मिनिटभरच थांबलो असे म्हणाला असता.

मालनबाई गेल्या त्या दिवशी चाळीत चार धड खांदे मिळेनात. तरणी मुले कामावर गेलेली, बरीच बिऱ्हाडे कोकणात परतलेली. नाइलाजाने शववाहिनी बोलवावी लागली. मालनबाईंचा भाऊ लवू, एके काळचा गिरणीतला साचेवाला, तिरडीशी बसला. तुळशीदास समोर बसले. त्यांना रडू आले नव्हते. काहीच आले नव्हते.

कोपरा येताच लवू ओरडला, "अरे थांबव, थांबव! ताईला विसावा द्यायचाय."

"काका, तो बोर्ड बघा ना," चालक म्हणाला. "माझं लायसन जाईल."

तरी गाडी मंदावली, आणि शिट्टी फुंकीत पोलीस धावत आला. लवूने खिडकीतून डोके बाहेर काढले. "ओ साहेब, कुणाला शिट्ट्या मारताय? हा बोर्ड ह्यांनीच लावून घेतलाय! आमचे भावोजी!"

पोलिसाने आत पाहिले, टोपी सारखी केली आणि नरमाईने विचारले, "मग बाबा, तुम्हीच सांगा. थांबू द्यायची काय गाडी?"

सगळे तुळशीदासांकडे पाहू लागले. एक होकार पुरला असता. त्यांनी मालनबाईंच्या कपाळावरचे कुंकू पाहिले, मग फलक पाहिला.

"कोणतेही वाहन," ते म्हणाले. "चला पुढे."

"भावोजी, बायको आहे तुमची! वाहन काय, वाहन?"

गाडी पुढे गेली. स्मशानात लवू त्यांच्यापासून दूर जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्यावर दोघे दादरच्या चौपाटीला निघाले. लवूने टॅक्सी थांबवली. तुळशीदास मडके छातीशी धरून उलट्या दिशेने चालू लागले.

"अहो, दादर इकडे आहे!"

ते थांबले नाहीत. लवूने टॅक्सी सोडून दिली आणि चडफडत त्यांच्या मागे चालू लागला. "डोकं फिरलंय ह्यांचं. वहिवाट सोडून कुठे निघाले हे?"

कोपऱ्यावर आल्यावर तुळशीदासांनी मडके ओट्यावर ठेवले. फलक पायी आलेल्या माणसाला मनाई करीत नव्हता. लवू बघत राहिला. मग पुढे होऊन त्याने मडक्यावरचे फडके सारखे केले.

"टेकली हो ताई," तो हळूच म्हणाला.

तुळशीदासांना काही वाटेल असे वाटले होते. ते वाट पाहत उभे राहिले. ओट्याची कडेची लादी निखळली होती. ती त्यांना दिसली. एरवी त्यांच्या डोक्यात अर्जाचा मायना तेथल्या तेथे तयार झाला असता.

"आता मी घेतो," लवू म्हणाला.

खांदा बदलावा तसे त्यांनी मडके त्याच्या हाती दिले आणि ते त्याच्या मागून दादरकडे चालू लागले.